गिटारला भूक लागत नाही

मागच्या अंकात तारा कधी बदलाव्यात ते लिहिलं होतं. त्यावर जी पत्रं आली त्यांत तारांबद्दल एकच, बाकी सगळी पुसण्याबद्दल, तेलाबद्दल आणि चमक आणण्याबद्दल. माझी तक्रार नाही. सव्वीस वर्षं इलेक्ट्रिक गिटारी दुरुस्त करतोय. वाजवून वाजवून झिजलेल्या गिटारी बाकावर येतात, तशाच लाडाने बिघडलेल्याही येतात, आणि या दुसऱ्या जातीचं काम जास्त किचकट असतं.

मुलगा इंजिनिअरिंगला होस्टेलवर गेला. त्याची इलेक्ट्रिक गिटार वर्षभर कॉटखाली होती. दिवाळीला तो येणार म्हणून काढली, तर बोटं ठेवायची पट्टी कोरडी, पांढुरकी दिसली. पोळपाटाला लावतो तसं खोबरेल चोळलं. छान काळीभोर झाली होती. आता थंडीत चिकट लागते, फटींत पांढरं काहीतरी दिसतं आणि वासही येतो. मुलाला सांगायची हिंमत नाही. — एक आई, नाशिक

ताई, सांगून टाका. लाकडाला काही झालेलं नाही. फटीतलं पांढरं म्हणजे बुरशी नसावी, तुमचं खोबरेलच गोठलंय. ते साधारण २४ अंशांच्या खाली घट्ट होतं. नाशिकच्या थंडीत तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते ना, तेच. अडचण दुसरी आहे. खोबरेल कधी वाळत नाही. ते तसंच बसून राहतं, धूळ धरतं आणि पुढे खवट होतं. गोडेतेल, मोहरीचं, ऑलिव्हचं, स्वयंपाकघरातलं कुठलंही तेल त्याच माळेतलं. पोळपाट तुम्ही रोज धुता, गिटार कोण धुणार?

आता काढायचं कसं. आधी खुंट्या फिरवून तारा पूर्ण सैल करा, मगच काढा. ताणलेली तार कापायची नाही, उडून डोळ्याला लागते. एका वेळी तीनच सैल करून काढा, कारण काही गिटारींचा ब्रिज, म्हणजे खालच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात तो भाग, तारांच्या दाबावरच उभा असतो. सगळ्या तारा निघाल्या की तो हातात येतो आणि माणूस घाबरतो. मान आणि ब्रिज दोन्हीकडे तारा स्क्रूने आवळलेल्या दिसल्या तर मात्र हात लावू नका, ती गिटार दुरुस्तीवाल्याकडे न्या. मग सिगारेट लायटरमध्ये भरायचं पातळ इंधन (गॅस नव्हे) आणा, पानपट्टीवर छोट्या डब्यात मिळतं. जुन्या बनियनच्या तुकड्यावर थोडं घ्या आणि पट्टी पुसा. तेल कापडावर येईल. तुकडा बदला, परत पुसा. खिडक्या उघड्या ठेवा, गॅस बंद, देवघरातलं निरांजनही विझलेलं हवं; हा पदार्थ पेट्रोलचाच भाऊबंद आहे. वापरलेली फडकी बाल्कनीत पूर्ण वाळू द्या, मग टाका. आतलं तेल दुसऱ्या दिवशी थोडं वर येईल, तेव्हा पुन्हा एकदा. फ्रेटच्या, म्हणजे त्या आडव्या धातूच्या पट्ट्यांच्या कडेला बसलेलं कीट जुन्या एटीएम कार्डाच्या कोपऱ्याने किंवा मऊ टूथब्रशने निघतं. सुरी नको.

झाल्यावर पट्टी परत पांढुरकी, कोरडी दिसेल. तुम्हाला पुन्हा तेल लावावंसं वाटेल. तिथेच थांबा.

माझे वडील फर्निचरचे पॉलिशवाले होते. चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजत घालायची, कापसाचा बोळा कापडात गुंडाळायचा आणि शिसवी कपाटावर आठवडाभर हात फिरवायचा. गिऱ्हाईक विचारायचं, "तेल पाजू का मधूनमधून?" वडील म्हणायचे, "तोडलेल्या झाडाला भूक लागत नाही." माझ्या धंद्याला लागू पडणारं त्यांचं एवढंच वाक्य मला आठवतं, बाकी शिव्या आठवतात. तेलाने लाकूड 'जगत' नाही. ते गडद दिसतं आणि हवेतला दमटपणा आत-बाहेर होण्याचा वेग थोडा कमी होतो, बस. शिसव तर मुळात तेलकट लाकूड. वर्षातून एकदा, फार तर दोनदा, कापडावर मिनरल ऑइलचे चार थेंब, पाच मिनिटं थांबून कोरडं पुसणं, ही तेलाची कमाल मर्यादा. तुमच्या पट्टीला पुढचं दीड वर्ष तेही नको.

शिसवीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. जगभरच्या गिटारींवर जी रोझवुडची पट्टी असते, त्यातली बरीचशी 'इंडियन रोझवुड', म्हणजे आपल्या सह्याद्रीतही वाढणारी शिसव. २ जानेवारी २०१७ पासून या झाडाच्या सगळ्या वंशावर आंतरराष्ट्रीय व्यापाराची बंधनं आली, गिटार दुसऱ्या देशात पाठवायची तरी कागदपत्रं लागायला लागली. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट मिळाली, पण तोवर स्वस्त गिटारींच्या पट्ट्या बदलल्या होत्या. आज स्क्वायर किंवा एपिफोनच्या गिटारीवर 'इंडियन लॉरेल' लिहिलेलं दिसतं. मुलं मला विचारतात, हे कुठलं विलायती लाकूड? अरे, हा ऐन. कोकणातल्या घरांचे वासे ज्याचे असतात तो. ऐनाची पट्टी शिसवीपेक्षा फिकट आणि कोरडी दिसते. ताई, तुमच्या मुलाचीही तीच असावी असा माझा अंदाज आहे. ती तशीच असते, आजारी नाही.

दादा, आमचा ऑर्केस्ट्रा आहे. गणपतीत दहा दिवसांत नऊ कार्यक्रम केले. स्टेजवर दिवे तोंडावर, घामाच्या धारा. आठवड्यात तारा काळ्या पडतात, फ्रेटच्या कडेला हिरवं साठतं. बोटंपण हिरवी होतात. गिटार डुप्लिकेट लागली का? — एक वादक, सांगली

डुप्लिकेट नाही. घरात कल्हई उडालेलं पितळेचं भांडं होतं का कधी? त्यात ताक राहिलं की कळकतं. तुमच्या गिटारीचं तेच झालंय. फ्रेट ज्या धातूचे असतात त्याला निकेल सिल्व्हर म्हणतात, म्हणजे आपल्या भांडेवाल्यांचं जर्मन सिल्व्हर. त्यात तांबं सर्वांत जास्त, मग निकेल आणि जस्त, चांदी फक्त नावात. घामातलं मीठ आणि आंबटपणा तांब्याला लागला की हिरवं येणारच. तुम्ही इतकं वाजवता याची पावती समजा.

हिरवं काढायचं तर तारा उतरवा आणि लाकूड मास्किंग टेपने झाका, फक्त धातू उघडा ठेवा. आता महत्त्वाचं. कुणीतरी तुम्हाला बारीक स्टील वूल सुचवेल, चार शून्यांचं. काम छान होतं, मी स्वतः वापरतो, पण पिकअप, म्हणजे तारांखालचा आवाज टिपणारा भाग, आधी पूर्ण झाकून. पिकअपमध्ये चुंबक असतात. वूलचा चुरा तिकडे धावतो आणि चिकटतो. एकदा एक गिटार अशी आली की सहाही पोलना, म्हणजे चुंबकाच्या टोकांना, दाढी उगवलेली. चुरा आत गेला तर गुंडाळीची तार शॉर्ट होऊ शकते, आणि ती केसापेक्षा बारीक असते. म्हणून घरी करणार असाल तर फ्रेट घासायचा खोडरबर मिळतो तो आणा, वाद्यांच्या दुकानात असतो. पितळ चकाकवायचं पॉलिश नको. ते लाकडाच्या रंध्रांत पांढरं होऊन बसतं आणि मग टाचणीने काढत बसावं लागतं.

पण घासणं हा दर महिन्याचा उद्योग करू नका, फ्रेट झिजतात. कार्यक्रम संपला की वायरी गुंडाळण्याआधी गिटार पुसायची. कोरडं सुती फडकं तारांच्या वरून एकदा, खालून एकदा, मग मानेच्या मागे, मग जिथे कोपर टेकतं तिथे. एक मिनिट लागतं. मला माहीत आहे, त्या वेळी टेम्पोवाला हॉर्न मारत असतो. तरी. फडकं खिशात ठेवा, गिटारीच्या बॅगेत ठेवलंत तर सापडत नाही. ब्रिजच्या छोट्या स्क्रूंवर गंज धरला असेल तर त्यांवर थेट गंजनाशक स्प्रे मारू नका, तो उडून पिकअपवर आणि रंगावर जातो. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळा आणि थेंबभर यंत्राचं तेल त्या स्क्रूलाच लावा.

वापरलेली गिब्सन घेतली आहे, माझ्या वयाची, १९७९ची. दुकानदाराने सांगितलं, कुठलंही कार पॉलिश चालेल. खरं का? आणि रोज भिंतीवर टांगायची की स्टँडवर ठेवायची? — एक वाचक, पुणे

कार पॉलिशचा सल्ला ऐकू नका. का ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

आपल्याकडे कपाटावर स्प्रेने रंग मारला की सुतार म्हणतो, "ड्यूको केलंय साहेब." तो ड्यूको म्हणजे ड्यूपाँट कंपनीचा १९२०च्या दशकातला मोटारींचा नायट्रोसेल्युलोज रंग. त्याआधी गाडीचा रंग वाळायला कितीतरी दिवस लागत, हा काही तासांत वाळायचा. गिटारवाल्यांनी तो उचलला. फेंडर या गिटार कंपनीचे जुने खास रंगही मोटारींच्या रंगपेटीतले, 'लेक प्लॅसिड ब्लू' हा मुळात कॅडिलॅकचा निळा. पुढे फेंडरने आणि बहुतेकांनी पॉलिएस्टर, पॉलियुरेथेनचे जाड थर घेतले. गिब्सन आजही नायट्रोवर आहे. तुमची गिटार नायट्रोची धरून चाला.

पॉलीचा थर म्हणजे काचेसारखं कवच. ओलसर फडक्याने पुसा, वाळवा, विसरून जा. नायट्रो तसा नाही. तो पातळ असतो आणि वर्षानुवर्षं आक्रसत राहतो, पिवळा पडतो, थंडीचा झटका बसला तर त्याला केसासारख्या भेगा जातात. त्याला सॉल्व्हंट चालत नाही. २०२०-२१ मध्ये लोकांनी सॅनिटायझर मारलेल्या गिटारी माझ्याकडे आणल्या, जिथे थेंब पडले तिथे चमक गेलेली, धुरकट ठिपके. अल्कोहोल आणि नायट्रोचं पटत नाही. नेलपॉलिश रिमूव्हर तर त्याला विरघळवूनच टाकतं. कार पॉलिशमध्ये बहुधा घासणारी पूड असते किंवा सिलिकॉन. पूड थर कमी करते. सिलिकॉन भेगांतून आत जातं आणि उद्या रंगाची दुरुस्ती करायची वेळ आली तर नवा थर त्या जागी धरतच नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. रंगाऱ्याला विचारा, तो कपाळावर हात मारेल.

तुम्ही काय करायचं? तोंडाची वाफ पृष्ठभागावर सोडायची, चष्म्याला करतो तशी, आणि मऊ कापडाने पुसायचं. तेवढ्याने नव्वद टक्के डाग जातात. हाताचा जुना मेणचट थर असेल तर कापडावर थोडं लायटरचं इंधन. ते नायट्रोला त्रास देत नाही. फक्त जिथे रंग उडून लाकूड उघडं पडलंय तिथे घासत बसू नका.

आता स्टँड. इथे माझी स्वतःची चूक सांगतो. बारा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाची जुनी नायट्रोची गिटार काम झाल्यावर मी दुकानातल्या स्टँडवर ठेवली. ते गावाला गेले होते. मे महिना, पत्र्याखालचं दुकान, आठ दिवस. उचलली तर मानेच्या मागे स्टँडची रबरी नळी जशीच्या तशी उमटलेली. नळीच्या खाचा मोजता येत होत्या. रबर आणि मऊ प्लास्टिकमधली रसायनं बाहेर येतात आणि नायट्रोला मऊ करतात, उष्णतेत लवकर. मी त्यांना खरं काय ते सांगितलं, तेवढा भाग पैसे न घेता करून दिला. जुळलेला रंग अजूनही उजेडात वेगळा दिसतो. ते येतात, दाखवतात, हसतात. मी हसत नाही. तेव्हा स्टँड असो की भिंतीवरची खुंटी, जिथे गिटार टेकते तिथे जुना सुती पायमोजा चढवा. 'नायट्रो सेफ' लिहिलेले स्टँडही मिळतात, त्यांवरही मी मोजा चढवतो.

दसऱ्याला वडिलांनी शस्त्रपूजेत माझी गिटारही ठेवली. पांढऱ्या बॉडीवर आणि पिवळसर मेपलच्या फ्रेटबोर्डवर (बोटांच्या पट्टीवर) हळद-कुंकू. मी साबणाच्या पाण्याने पुसलं तर डाग लाल झाले! — एक विद्यार्थिनी, डोंबिवली

वाचून हसलो, माफ कर. पण तू घरच्या घरी कुंकू बनवलंस. हळदीला क्षार लागला की ती लाल होते, कुंकू करताना चुना घालतात तो त्यासाठीच. साबण क्षारच. घाबरू नको, साध्या पाण्याच्या ओलसर फडक्याने साबणाचा अंश काढलास की लाल परत पिवळं होईल.

पांढरी बॉडी आजच्या बहुतेक गिटारींसारखी पॉलीची असेल तर डाग वरवरचा आहे. लायटरच्या इंधनाने हळदीचा पिवळा जात नाही, फक्त तेल जातं. पॉलीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचं थोडं ओलं कापड एकदा फिरव आणि लगेच कोरडं कर. वर पुण्याच्या वाचकांना अल्कोहोलला मनाई केली ती नायट्रोसाठी, गोंधळ नको. मेपलच्या फ्रेटबोर्डवरही पारदर्शक थर असतो, म्हणून त्याला तेल कधीच लावायचं नाही, ते जाणार कुठे? तो ओलसर फडक्याने पुसायचा. पण जिथे वाजवून थर झिजलाय, तिथे हळद लाकडात उतरली असणार. ती घासून निघणार नाही. हळद उजेडाने उडते, हे तुझ्या आईला ओढण्यांवरून माहीत असेल. खिडकीजवळ, थेट ऊन लागणार नाही अशी गिटार ठेव, काही आठवड्यांत डाग फिका पडेल. गच्चीत उन्हात ठेवू नको, डिंक सुटतो.

वडिलांना सांग, पुढच्या वर्षी गिटार केसमध्ये ठेवून केसला हळद-कुंकू वाहा. माझ्या दुकानात मी पक्कड आणि करवतीला वाहतो, गिऱ्हाइकाच्या वाद्याला फक्त फूल.

मॅट फिनिशची काळी गिटार. हात टेकतो तिथे चकाकतेय. परत मॅट कशी करू? — कोल्हापूर

होत नाही. मॅट म्हणजे बारीक खरबरीतपणा, तो तुमच्या मनगटाने घासून गुळगुळीत झाला. पॉलिश लावलंत तर उरलेलीही चकाकेल. स्कॉचब्राइट मारून बघू नका, मी पाहिलेत ते प्रयोग.

फ्रेटबोर्डला लेमन ऑइल लावा असं सगळे सांगतात. घरचं लिंबू पिळून लावलं. चुकलं का? — सोलापूर

चुकलं. आंबटाने फ्रेट हिरवे होतील. ओलसर फडक्याने पुसा, लगेच कोरडं करा. दुकानातल्या लेमन ऑइलच्या बाटलीतही मुख्यतः मिनरल ऑइल असतं, लिंबाचा वास वरून. पदार्थ वाईट नाही, पण शिसव, एबनी, ऐन अशा उघड्या लाकडालाच, आणि वर नाशिकच्या ताईंना सांगितलं तेवढंच.

पावसाळ्यानंतर केस उघडली तर फ्रेटबोर्डवर आणि खांद्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी. — रत्नागिरी

कोकणात केस म्हणजे बुरशीचं माहेर. आतलं मखमली अस्तर दमट हवा धरून बसतं. गिटार बाहेर काढा, पंख्याखाली दिवसभर ठेवा, बुरशी कोरड्या ब्रशने घराबाहेर झटका, तोंडाला रुमाल बांधून. मग लायटरचं इंधन. तेल अजिबात नको, बुरशीवर तेल म्हणजे पंगत वाढणं. केस दोन-तीन दिवस उन्हात उघडी ठेवा. जून ते सप्टेंबर गिटार केसबाहेर, भिंतीपासून वीतभर पुढे टांगा आणि रोज दहा मिनिटं तरी वाजवा. केसमध्येच ठेवायची असेल तर सिलिका जेलच्या पुड्या, पण त्या महिन्याला बदला किंवा तव्यावर मंद गरम करून परत वापरा. बहुतेक लोक त्या एकदा टाकतात आणि पाच वर्षं श्रद्धेने तिथेच ठेवतात.

न्यू जर्सीत पहिला हिवाळा. पुण्याहून आणलेल्या गिटारीच्या मानेच्या कडेला फ्रेटची टोकं बोटांना लागू लागली. फ्रेटबोर्डला तेल पाजलं, फरक नाही.

पडणार नाही. हीटरने घरातली हवा कोरडी झाली, लाकूड आकसलं, धातू जिथल्या तिथे राहिला. लाकडाला तेल नको, हवेला पाणी हवं. खोलीत ह्युमिडिफायर लावा, आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा, सोबत एक स्वस्तातला मीटर घ्या. तीन-चार आठवड्यांनीही टोकं लागत असतील तर तिथल्या दुरुस्तीवाल्याकडून ती कानशीने गोल करून घ्या. आत्ताच केलीत तरी चालेल, पण मग उन्हाळ्यात लाकूड फुगल्यावर टोकं आत गेलेली दिसतील.

ता. क. नाशिकच्या ताईंसाठी: काढलेल्या तारांची टोकं सुईसारखी असतात. गोल वेटोळं करून, टोकं आत वळवून, वर्तमानपत्रात गुंडाळून मगच कचऱ्यात टाका. घंटागाडीवरच्या माणसांच्या हाताला लागतात. आणि नवा संच आहे त्याच मापाचा आणा, मुलाच्या गिटारीवर बहुधा नऊ किंवा दहाच्या असतील (सर्वांत बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत). खात्री करायची असेल तर जुनी सर्वांत बारीक तार दुकानात दाखवा.